ना मोडून, ना लपून, ना विचारून

१ मार्च २००४, सोमवार

कुरण विकलं!

डोरीन सकाळी आठलाच दारात. अंगात झोपायचा झगा, पायांत नवऱ्याचे बूट. "अगं एनिड, गॅमनचं कुरण गेलं गं! एकशे चाळीस घरं बांधणार म्हणे!" म्हातारा गॅमन जाऊन सहा वर्षं झाली. त्याच्या पुतण्यानं घरं बांधणाऱ्या कंपनीशी करार केला. मी पोस्टाच्या खिडकीत एकतीस वर्षं काढली, पण बातमी पोचवण्यात ही शेजारीण पोस्टाच्या कायम पुढे.

चहा केला. दोघींचाही तसाच गार झाला. मागच्या खिडकीतून कुरण दिसत होतं, रोज दिसतं तसंच. दोन कुत्री आणि त्यांच्यामागे धापा टाकणारा चर्चचा ऑर्गनवाला. एवढंच दृश्य, पण मला रडू फुटलं. बाहत्तराव्या वर्षी गवतासाठी रडायचं!

४ मार्च, गुरुवार

चर्चच्या सभागृहात बैठक. अख्खं मार्लकोट लोटलं होतं, खुर्च्या पुरेनात. पुढे ब्रायन स्टेबिंग्ज. भूगोलाचे मास्तर निवृत्त झाले, पण हातातली पट्टी सुटली नाही.

ब्रायननी कायदा समजावला. गावातले लोक सलग वीस वर्षं एखाद्या जागेत खेळत-फिरत असतील, आणि तेही हक्कानं, तर ती जागा कायमची गावाची. मग तिथे वीटही रचता येत नाही. हक्कानं म्हणजे कसं? "ना मोडून, ना लपून, ना विचारून!" पट्टी टेबलावर आपटत ते म्हणाले. कुंपण मोडून जायचं नाही, चोरून जायचं नाही, आणि मालकाची परवानगी घेऊनही जायचं नाही. परवानगी घेतली की ती त्याची मेहेरबानी झाली, आपला हक्क नाही.

"म्हणजे उद्धटाला कुरण मिळणार आणि सभ्य माणसाला नाही?" मी विचारलं. सगळे हसले. ब्रायन हसले नाहीत. "कायदा आहे, एनिड. मी केलेला नाही."

मग मुद्द्याचं. वीस वर्षांचा पुरावा हवा. आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. अर्थात माझ्या नवऱ्याच्या, लेस्लीच्या फोटोंसाठी.

७ मार्च, रविवार

फोटो काढून बसले. दिवस त्यातच गेला, जेवणही विसरले.

लेस्ली चर्चच्या घंटा वाजवायचा. दर वर्षी मेच्या पहिल्या रविवारी घंटा झाल्या की मनोऱ्यावर चढायचा आणि पूर्वेकडे तोंड करून एकच फोटो काढायचा. एकच! फिल्म महाग म्हणून नव्हे, "दुसरा काढला की पहिल्यावरचा विश्वास जातो" म्हणून. त्रेपन्न साली लग्न झालं तेव्हापासून तो गेला त्याच्या आदल्या मेपर्यंत. अठ्ठेचाळीस फोटो. जेवणाच्या टेबलावर ओळीनं मांडले. टेबल पुरलं नाही, उरलेले जमिनीवर.

त्रेपन्नमध्ये नदीकाठी एल्मची रांग आहे, झाडांमधून दिसणारं गुरांच्या बाजाराचं छप्पर, पलीकडे स्टेशन आणि वाफेचा पांढरा पट्टा. चौसष्टनंतर वाफ नाही. पासष्टमध्ये रूळही नाहीत, नुसता चर. मग एल्मना रोग लागला. एकाहत्तरपासून एकेक झाड कमी, शहात्तरमध्ये एकही नाही. त्या झाडांवरचे कावळे कुठे गेले याचा लेस्लीला किती दिवस घोर लागला होता! शेतांमधली कुंपणाची झुडपं उपटून लहान लहान शेतांचं एक मोठं शेत झालं. गुरांचा बाजार गेला, तिथे सुपरमार्केट आलं. एक्याण्णवला बाहेरून वळसा घालणारा रस्ता. त्याचा आवाज फोटोत येत नाही, पण मला फोटो बघतानाही ऐकू येतो.

आणि अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस फोटोंत उजव्या कोपऱ्यात गॅमनचं कुरण. मेमध्ये पिवळंधमक. त्यात कायम ठिपके, म्हणजे माणसं. ते तेवढं बदललेलं नाही.

पण पंचावन्नचा फोटो बाजूला ठेवला. त्यात डाव्या हाताला टकेटबाईंची चेरीची बाग अर्धी तोडलेली, बुंध्यांचे ढीग, आणि कडेला काळ्या कोटातली एक बाई उभी. टकेटबाईच. खाली रचलेल्या विटा आमच्या रस्त्यावरच्या घरांसाठी आणलेल्या. म्हणजे या घराच्या! आम्ही किल्ली घेतली त्या दिवशी ती बाई फाटकाशी येऊन म्हणाली होती, "माझ्या झाडांवर सुखानं झोपा." मी तेवीस वर्षांची होते, पोटात हिलरी नव्हती अजून, आणि न्हाणीघर पहिल्यांदाच घरात मिळालेलं. खरंच सुखानं झोपले. हा फोटो ब्रायनना दाखवावा की नाही?

९ मार्च, मंगळवार

हे काय सापडलं! देवा.

शहाऐंशीच्या फोटोचं पाकीट जाड लागलं. आत घडी केलेला कागद. निळी शाई, मागे झुकलेलं अक्षर. उघडण्याआधीच ओळखलं, गॅमन. लेस्लीला लिहिलेलं. गावातलं एकही अक्षर मला अनोळखी नाही.

"प्रिय पर्किस, विचारलंत हे बरं केलंत. हल्ली विचारतो कोण? तुम्ही आणि गावातले सगळेच खुशाल या. फाटक लावत चला, आणि कापणीआधी उंच गवत तुडवू नका. ता. क. मार्मालेड पोचलं. बहिणीला आवडलं."

आठवलं सगळं. हिलरीचा मुलगा तीन वर्षांचा, सुटीत आलेला, कुरणात पतंग उडवायचा. मीच लेस्लीच्या मागे लागले होते. "लोकांच्या जमिनीत न विचारता जायचं? आपल्याला काय वळण आहे की नाही? जा, आधी चिठ्ठी लिही." तो म्हणत होता, अगं, सगळेच जातात. मी ऐकलं नाही. चिठ्ठीबरोबर मार्मालेडची, कडू संत्र्यांच्या मुरंब्याची, बरणी पाठवली. आणि त्यानंतर दर जानेवारीत एक बरणी, आभाराच्या चिठ्ठीसकट, गॅमन जाईपर्यंत!

विचारून. तुम्ही आणि गावातले सगळेच. परवानगी नाही तर काय हे?

सगळ्या गावात एकच शहाणी, ती मी. स्वतःच्या हातानं कुरण घालवलं.

१० मार्च, बुधवार

पत्र चहाच्या डब्यात. डबा वरच्या फळीवर. आज चहाच केला नाही.

१४ मार्च, रविवार

प्रार्थनेनंतर ब्रायनना गाठलं. म्हटलं आडून विचारावं. "समजा, कुणी एखाद्यानं कधी काळी गॅमनला विचारलं असेल तर?"

त्यांचा चेहरा टोमॅटोसारखा लाल. "कुणी विचारलेलं नाही."

"नाही हो, समजा."

"समजा-बिमजा काही नाही, एनिड! कुणीही विचारलेलं नाही. साक्षीला तेवीस जण आहेत, तेवीस जण हेच सांगणार. कळलं ना?" आणि टोपी घालून चालू पडले. टोपी उलटी होती.

मास्तर माणूस वर्गात ओरडतो तसं ओरडले माझ्यावर. रागच आला. पण त्यांचंही बरोबर आहे. बिचारे दिवसरात्र खपताहेत.

२१ मार्च, रविवार

हिलरीचा लीड्सहून फोन. तिला सांगायचं नव्हतं, सांगितलं.

"आई, अगं मग खरं सांग आणि मोकळी हो. घरं काय वाईट आहेत का? डोरीनमावशीचा नातू बायको-मुलीला घेऊन कॅरॅव्हॅनच्या एवढ्याशा डब्यात राहतोय दोन वर्षं. मार्लकोटमध्ये त्याला परवडेल असं एक तरी घर आहे का?"

मी म्हटलं, या एकशे चाळीसांतलंही त्याला परवडणार नाही, बघ तू.

"ते असेल. पण तुझं घरसुद्धा कुणाच्या तरी झाडांवर उभं आहे. तूच सांगतेस ना ती टकेटबाईची गोष्ट? तुला घर मिळालं, आता दार लावून घ्यायचं?"

पोटची पोर अशी बोलते! फोन ठेवला. मग तासभर तिचंच बोलणं डोक्यात. आणि तरीही मला ते कुरण हवंय. चंडोल हवेत वर वर जाऊन गातो ती आता या गावात एकच जागा उरली आहे. लेस्लीचा हात धरून मी शेवटची फिरले ती तिथेच. यात न्याय-बिय काही नाही. मला हवंय, एवढंच.

२ एप्रिल, शुक्रवार

एडा गॅमनला भेटून आले. गॅमनची बहीण, एक्याण्णव वर्षांची. वृद्धाश्रमात खिडकीशी बसलेली, पाय बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यावर. माझ्या बरण्या दारात घ्यायची ती हीच. तिला काय काय आठवतंय, ते बघायचं होतं. भीती होती, खोटं कशाला लिहू?

"कोण, पोस्टातली पोरगी?" पोरगी! "तुझं मार्मालेड कडूच असायचं. साल जाड कापायचीस."

"मग आवडलं असं का कळवायचात, मिस गॅमन?"

"कळवायचं असतं. आमच्या फडताळात जानेवारीत पाय ठेवायला जागा नसायची. भाऊ म्हणायचा, एडा, आपण मरू ते साखरेनं."

मी मुद्द्यावर आले. पुतण्या काही विचारायला येतो का? "येतो. मी त्याला सांगितलंय, मला ऐकू येत नाही." आणि डोळे मिटले. झोपली की सोंग, कळेना. जाता जाता मी तिच्या पायाखालचा डबा सरळ करायला वाकले, तर डोळे न उघडता म्हणाली, "राहू दे. त्यात बिस्किटं नाहीत."

३ मे, सोमवार

परवा आमच्या अर्जाची चौकशी. पत्र जाळायला शेगडीपाशी नेलं. काडी ओढली. विझवली. लेस्लीचं नाव आहे त्यावर.

५ मे, बुधवार

लिहायला हवं.

जिल्ह्याहून आलेले चौकशी अधिकारी मध्ये, एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला कंपनीची वकीलबाई. तरुण, गोड आवाजाची. प्रत्येकाला तिचा शेवटचा प्रश्न एकच. कधी मिस्टर गॅमनची परवानगी घेतली होती का?

डोरीन म्हणाली, "विचारायचं कशाला? कुरण काय पळून जाणार होतं?" ऑर्गनवाला म्हणाला, कधीच नाही. बेकरीतली ग्विनेथ, कधीच नाही. ब्रायन म्हणाले, "प्रश्नच उद्भवत नाही," आणि बुटांकडे बघत राहिले. नेड टिली, ज्यानं उभ्या तालुक्यातले ससे चोरून खाल्लेत, तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "बाईसाहेब, मी जन्मात कुणाला विचारून काही घेतलेलं नाही!" सगळं सभागृह हसलं, अधिकारीसुद्धा. बावीस जण. बावीस वेळा नाही.

शेवटी मी. फोटो टेबलावर मांडलेले. एकेक वर्ष सांगत गेले, सगळे कान देऊन ऐकत होते. पंचावन्नचाही ठेवला होता मी, शेवटी. टकेटबाई माझ्याकडेच बघत होती असं वाटलं.

मग तो प्रश्न. "मिसेस पर्किस, आपण किंवा आपल्या यजमानांनी कधी परवानगी मागितली होती?"

नाही म्हणायचं ठरवूनच गेले होते. लिहून ठेवते, ठरवूनच गेले होते! शब्द जिभेवर होता. आणि मला लेस्ली दिसला, शहाऐंशीच्या एप्रिलमध्ये, या टेबलाशी, जीभ दातांत धरून चिठ्ठी लिहिणारा. तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिलेली. नाही म्हणणं म्हणजे तो माणूस न विचारता लोकांच्या जमिनीत घुसला असं चारचौघांत सांगणं. आयुष्यभर फाटक लावत आलेला माणूस!

"हो," मी म्हटलं. "माझ्या नवऱ्यानं विचारलं होतं. तो सगळ्यांना विचारायचा." पर्समधून पत्र काढून दिलं.

वकीलबाईनं दोनदा वाचलं. "धन्यवाद, मिसेस पर्किस. मला आणखी काही विचारायचं नाही." माझ्या मागे एक खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

६ मे, गुरुवार

डोरीनच्या खिडकीचा पडदा दिवसभर बंद.

९ मे, रविवार

चर्चमध्ये माझ्या बाकावर मी एकटी. शेजाऱ्याशी हात मिळवून शांती चिंतायची वेळ आली तेव्हा ग्विनेथला नेमकी तिची प्रार्थनेची पोथी सापडेना. ब्रायन बाहेर दारात म्हणाले, "एक शब्द, एनिड. एक शब्द गिळता आला नाही तुम्हाला?" डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. गाव म्हणतंय ते खरंच आहे, मीच घालवलं.

सवयीनं मनोऱ्याकडे बघितलं. मेचा रविवार, पहिला नसला तरी.

१६ सप्टेंबर, गुरुवार

निकाल आला. अर्ज फेटाळला. कारण लेस्लीचं पत्र. बाकी बावीस साक्षी "विश्वासार्ह आणि एकमुखी" होत्या असं लिहिलंय. माझ्या एकटीमुळे!

नेड टिलीनं मात्र संध्याकाळी मागच्या दाराशी एक ससा ठेवला. सोललेला. विचारलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

८ नोव्हेंबर, सोमवार

यंत्रं आली. दर पाच नोव्हेंबरला गाव पेटवतं ती होळी यंदा कुरणात नाही, सुपरमार्केटच्या गाड्या उभ्या करायच्या जागेत झाली. मी गेले नाही. आज पहिल्यांदा फाटकच उपटलं त्यांनी. लेस्लीनं किती हजार वेळा लावलं असेल ते! सकाळभर खिडकीतून बघत होते. मग लक्षात आलं की मी काळा कोट घालून उभी आहे.

चिखलात डोरीनचा नातूही दिसला, बायकोला घेऊन, फलकावरच्या किमती वाचत. वाचून झाल्या तसे दोघं परत फिरले.

१८ जानेवारी २००५, मंगळवार

आठ महिने झाले डोरीनशी बोलून. पन्नास वर्षांत आम्ही आठ दिवस अबोला धरला नव्हता. हिलरी म्हणते, लीड्सला ये. जावं की काय? या गावात माझं काय उरलंय? घर आहे, तेही टकेटबाईचं.

दुपारी वृद्धाश्रमातली नर्स येऊन एक पुडकं देऊन गेली. आत एडाचा बिस्किटांचा डबा, सुतळीनं करकचून बांधलेला. वर चिठ्ठी, वाकडंतिकडं अक्षर: "तुझ्याशी गावात कुणी बोलत नाही असं ऐकलं. हे तुला. भाच्याला दिलं नाही. यंदाचं मार्मालेड कुठे आहे?"

सुतळी सुटेना. बोटं दुखतात. उद्या बघू.

१९ जानेवारी, बुधवार

डब्यात पत्रं. सगळी गॅमनच्या नावानं, जवळजवळ सगळ्यांची सुरुवात "कृपया." कुणाचं कुठलं ते उलगडण्याआधीच ओळखलं, पाकिटांवरच्या अक्षरांवरून. सगळ्यांत वर लेस्लीची चिठ्ठी. तिच्याखाली ब्रायन, शाळेच्या छापील कागदावर, एक्याण्णव. ऑर्गनवाला. ग्विनेथ, सोबत केकचा उल्लेख. डोरीन! दोन पत्रं, दुसरं आभाराचं. मोजली. माझ्याआधी नाही म्हणणाऱ्या बावीस जणांपैकी एकवीस जण या डब्यात आहेत. फक्त नेड टिली नाही.

आधी हसले. मग किती तरी वेळ रडले. हा राग की सुटका, माझं मलाच कळेना.

सुपरमार्केटमध्ये कडू संत्री आली आहेत. आणली. बरण्या बावीस लागतील, एक एडाला. साल बारीक कापायची. बाकी एकवीस दारोदार ठेवायच्या, प्रत्येकीखाली ज्याचं त्याचं पत्र. पहिली डोरीनच्या दारात.